समुदायात रुजताना : धार्मिक आणि धर्मेतर ठिकाणी आपलेपणा कसा मिळवावा

नव्या शहरात आलेला, नुकताच निवृत्त झालेला, जोडीदार गमावलेला किंवा लहानपणीच्या श्रद्धेपासून दूर गेलेला माणूस जेव्हा ‘मला कोणीतरी आपले हवे आहे’ असे म्हणतो, तेव्हा त्याला बहुधा असे एखादे ठिकाण हवे असते, जिथे तो एके दिवशी दिसला नाही तर कोणीतरी त्याची विचारपूस करील. ही गरज फार थोड्यांची आहे असे समजण्याचे कारण नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सामाजिक संबंधविषयक आयोगाने २०२५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार जगातील दर सहा माणसांपैकी एकाला एकटेपणा जाणवतो. ज्युलिअ‍ॅन होल्ट-लुन्स्टॅड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये १४८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले, तेव्हा भक्कम सामाजिक संबंध असलेल्या व्यक्ती त्या त्या अभ्यासाच्या काळात हयात राहण्याची शक्यता इतरांपेक्षा सुमारे ५० टक्क्यांनी अधिक असल्याचे त्यांना आढळले.

समविचारी माणसे हुडकून काढली की समुदाय आपोआप मिळतो, असा सर्वसाधारण समज आहे. माझे मत वेगळे आहे. श्रद्धा, आवड किंवा विचार माणसाला दारापर्यंत आणतात. त्याला आत रुजवतात ते पुनःपुन्हा येणे, मोजक्या माणसांशी झालेली ओळख आणि हाती आलेले एखादे छोटे काम. प्रार्थनास्थळाला हे जितके लागू आहे, तितकेच ते वाचनगटाला, गायनवृंदाला किंवा धावणाऱ्यांच्या गटालाही लागू आहे, आणि पुढील सर्व सूचना याच समजुतीवर उभ्या आहेत.

आधी गरज ओळखा

डेव्हिड मॅकमिलन आणि डेव्हिड चॅविस या मानसशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये समुदायभावनेचे चार घटक सांगितले. पहिला सदस्यत्वाचा, म्हणजे आपण या गटातले आहोत हे आपल्याला आणि इतरांनाही ठाऊक असण्याचा. दुसरा प्रभावाचा, म्हणजे गटाच्या निर्णयांत आपल्या शब्दाला काही वजन असण्याचा आणि गटाचेही आपल्यावर काही चालण्याचा. तिसरा परस्परांच्या गरजा भागण्याचा. आणि चौथा सामायिक भावबंधाचा, जो एकत्र घालवलेल्या काळातून व एकत्र निभावलेल्या प्रसंगांतून तयार होतो. एकटेपणा जाणवत असेल तेव्हा यांपैकी नेमके काय कमी पडते आहे, हे कागदावर लिहून पाहावे. ज्याला मन मोकळे करायला कोणी नाही तो आणि ज्याला आपल्या शब्दाला कुठेच किंमत नाही असे वाटते तो, या दोघांचे दुखणे एक नाही. पहिल्याला लहान आणि मोकळेपणाने बोलणारा गट हवा. दुसऱ्याला अशी संस्था हवी, जिथे कामे वाटून घेतली जातात आणि निर्णय चर्चेने होतात.

दुसरा प्रश्न श्रद्धेचा आहे आणि तो टाळू नये. तुम्हाला उपासना हवी आहे की उपासनेच्या निमित्ताने जमणारी माणसे हवी आहेत? दोन्ही उत्तरे प्रामाणिक असू शकतात, परंतु त्यांतून निघणारे मार्ग निराळे आहेत. ज्याला प्रार्थनेची ओढ आहे त्याला केवळ छंदाच्या गटात काहीतरी अपुरे वाटत राहील, आणि ज्याला त्या धर्ममताविषयी काहीच वाटत नाही त्याला मताचा कडक आग्रह धरणाऱ्या ठिकाणी लवकरच घुसमट होईल. चायून लिम आणि रॉबर्ट पटनम यांचा अमेरिकेतील एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नियमितपणे उपासनेला जाणारे लोक आयुष्याविषयी अधिक समाधानी का असतात, या प्रश्नाचे उत्तर त्यांना मुख्यतः उपासकांमध्ये जडलेल्या मैत्रीत सापडले. नियमित येणाऱ्या, पण तिथे एकही मित्र नसलेल्या लोकांमध्ये हा लाभ दिसला नाही. त्याच अभ्यासातली आणखी एक गोष्ट सांगताना अनेकदा गाळली जाते. ‘हा धर्म माझ्या ओळखीचा भाग आहे’ असे ज्यांना मनापासून वाटत होते, त्यांच्यामध्येच त्या मैत्रीचा परिणाम ठळक होता. म्हणून नुसते जाऊन बसणे पुरेसे नाही, आणि नुसती मैत्रीही त्या ठिकाणाच्या गाभ्याशी काहीच नाते नसेल तर तितकी खोल जात नाही.

दोन्हीकडे काय मिळते

धार्मिक ठिकाणांकडे काही गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या तयार होऊन आलेल्या असतात. दिवस आणि वेळ ठरलेली असते, त्यामुळे ‘कधी भेटू या’ हा प्रश्न उरत नाही. लहान मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्व वयांची माणसे एका छताखाली येतात, जे आजच्या जगात फार कमी ठिकाणी घडते. आजारपण, जन्म, मृत्यू अशा प्रसंगी काय करायचे, कोणी कोणाच्या घरी जायचे, कोणते शब्द उच्चारायचे, हे ठरलेले असते आणि दुःखात असलेल्या माणसाला ते ठरलेले असणेच मोठा आधार देते. समाजशास्त्रज्ञ एमिल दुर्खीम यांनी १९१२ मध्ये असे मांडले की, माणसे एकत्र जमून एकाच लयीत काही करतात तेव्हा त्यांच्यात एक सामूहिक उत्कटता निर्माण होते आणि समूह स्वतःला समूह म्हणून अनुभवतो. सामूहिक गायन, एकत्र उठणे-बसणे, एकत्र मौन पाळणे यांचे सामर्थ्य इथे आहे.

मात्र ही लय केवळ धर्माच्या मालकीची नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात प्रौढांच्या गायनवर्गांची तुलना हस्तकला आणि सर्जनशील लेखनाच्या वर्गांशी करण्यात आली. सात महिन्यांच्या शेवटी सर्वच वर्गांतील माणसे एकमेकांच्या जवळ आलेली होती, पण गायनवर्गातील माणसे पहिल्या महिन्यातच इतरांपेक्षा अधिक जवळ आली. या अभ्यासातून दोन व्यवहार्य गोष्टी घेता येतात. बोलायला संकोच वाटणाऱ्या माणसाने एकत्र गाणे, चालणे, धावणे किंवा नाचणे असलेल्या गटापासून सुरुवात करावी, कारण तिथे शब्दांआधी शरीराची लय जुळते. आणि ज्याला अशा गोष्टींची आवड नाही त्याने निराश होऊ नये, कारण पुरेसा काळ दिल्यास इतर गटांतही तितकीच जवळीक तयार होते.

धर्मेतर समुदायांचा इतिहासही बराच जुना आहे. फेलिक्स अ‍ॅडलर यांनी १८७६ मध्ये न्यूयॉर्क येथे नैतिक आचरणाला धर्ममताहून वरचे स्थान देणारी एक संस्था स्थापन केली, आणि त्या परंपरेतील संस्था आजही नियमित सभा भरवतात. जानेवारी २०१३ मध्ये लंडनमध्ये दोन विनोदी कलाकारांनी ‘संडे असेंब्ली’ सुरू केली, जिच्यात देवाविना, पण गाणी, व्याख्यान आणि मौन यांसह लोक जमतात. मला मात्र याहून शिकण्यासारखे उदाहरण ‘पार्करन’चे वाटते. २ ऑक्टोबर २००४ रोजी लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी १३ धावपटूंसह ते सुरू केले आणि आज वीसहून अधिक देशांत दर आठवड्याला ते भरते. ठरलेला वार, ठरलेले पाच किलोमीटरचे अंतर, कोणतेही शुल्क नाही, चालत येणाऱ्यालाही तितकेच स्वागत, आणि सगळी व्यवस्था स्वयंसेवकांच्या हाती. यातली एकही गोष्ट श्रद्धेवर अवलंबून नाही, तरीही रचना पाहिली तर ती एखाद्या नियमित उपासनेसारखी आहे.

धर्मेतर ठिकाणांची सर्वांत मोठी उणीव संकटाच्या वेळी दिसते. केवळ एखाद्या छंदासाठी जमणाऱ्या गटातील सदस्य आजारी पडला, तर इतरांना वाईट वाटते, पण काय करावे हे कोणालाच माहीत नसते. आपण त्याच्या घरी जाणे आगाऊपणाचे तर होणार नाही ना, अशा संकोचात दिवस निघून जातात. हा संकोच आधीच बोलून दूर करता येतो. अशा गटात तुम्ही स्थिरावला असाल तर कोणी सलग दोनदा आले नाही की कोण फोन करील, इस्पितळात कोण जाईल, हे सहजपणे ठरवून टाकण्याची सूचना तुम्हीच मांडावी. छोट्या गटाला एवढी व्यवस्था पुरते.

आणखी एक फरक लक्षात ठेवण्याजोगा आहे. रिचर्ड सोसिस आणि एरिक ब्रेसलर यांनी एकोणिसाव्या शतकातील ८३ अमेरिकी सहजीवन-वसाहतींचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध केला. सदस्यांकडून अधिक त्याग आणि अधिक निर्बंधांचे पालन मागणाऱ्या धार्मिक वसाहती अधिक काळ टिकल्या. धर्मेतर वसाहतींत मात्र अशा मागण्यांमुळे आयुर्मान वाढले नाही. पवित्र मानलेल्या नियमाचे कारण कोणी विचारत नाही, परंतु माणसांनी केलेल्या नियमाचे कारण विचारले जाते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण आहे. धर्मेतर गटात जबाबदारी मागायची असेल तर तिचा उपयोग डोळ्यांना दिसला पाहिजे.

ठिकाण निवडताना

सर्वांत आधी पाहावे ते भेटींचे अंतर. कॅन्सस विद्यापीठातील जेफ्री हॉल यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार ओळखीचे रूपांतर साध्या मैत्रीत होण्यासाठी एकत्र घालवलेले सुमारे ५० तास लागतात, खऱ्या मैत्रीसाठी सुमारे ९० तास आणि जिवलग मैत्रीसाठी २०० तासांहून अधिक. हे आकडे काटेकोर नियम मानू नयेत, पण हिशेब करण्यासाठी ते फार उपयोगी आहेत. दर आठवड्याला दोन तास भेटणाऱ्या गटात ५० तास सुमारे सहा महिन्यांत भरतात. महिन्यातून एकदाच दोन तास भेटणाऱ्या गटात त्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ लागतो. म्हणून विषय थोडा कमी आवडीचा असला, तरी आठवड्याला भेटणारा गट मी महिन्याला भेटणाऱ्या अत्यंत आवडत्या गटाच्या आधी निवडेन. हॉल यांच्या निष्कर्षांत आणखी एक बारकावा आहे, तो म्हणजे नुसते शेजारी बसून काम केलेले तास मैत्रीला तितके उपयोगी पडत नाहीत जितके मोकळ्या गप्पांचे तास पडतात. म्हणूनच मुख्य कार्यक्रमाच्या आधी आणि नंतर लोक थांबतात का, थांबायला जागा आहे का, हे मुद्दाम पाहावे. कार्यक्रम संपताक्षणी दिवे मालवले जातात आणि सगळे निघून जातात अशा ठिकाणी वर्षभर जाऊनही माणूस अनोळखी राहू शकतो.

अंतराचा दुसरा अर्थही महत्त्वाचा आहे. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक यांनी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीचा केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात कोणाची कोणाशी मैत्री झाली हे ठरवण्यात दारांमधील अंतराचा फार मोठा वाटा असल्याचे दिसले. जिन्याजवळ किंवा टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांच्या ओळखी अधिक होत्या, कारण येता-जाता सगळे त्यांच्यासमोरूनच जात. चालत जाता येईल असे साधे ठिकाण दूरच्या देखण्या ठिकाणापेक्षा श्रेयस्कर ठरते, कारण थकलेल्या संध्याकाळीही तिथे जाणे घडते आणि तिथली माणसे एरवी रस्त्यातही भेटतात. ज्यांना आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे घराबाहेर पडणे कठीण आहे, त्यांच्यासाठी दूरध्वनीवरील किंवा दृक्‌श्राव्य माध्यमातील नियमित भेटी हा पूर्ण सन्मानाचा मार्ग आहे. त्यालाही वार आणि वेळ ठरलेली असावी, एवढेच.

ठिकाण पाहायला जाल तेव्हा तिथली माणसे अनुपस्थित सदस्यांविषयी कसे बोलतात ते ऐकावे. काळजीने बोलत असतील तर उद्या तुमच्याविषयीही तसेच बोलले जाईल. मोठ्या संस्थेत गेलात तर तिच्या पोटात लहान गट आहेत का याची चौकशी करावी, कारण शेकडो लोकांच्या सभेत उत्कटता मिळते, पण नावाने ओळखणारी माणसे आठ-दहा जणांच्या बैठकीतच भेटतात.

पहिले काही महिने

पहिल्या भेटीला पंधरा-वीस मिनिटे लवकर जावे. लोक गटागटाने बोलू लागल्यानंतर त्यांच्यात शिरणे कठीण असते. आधी पोहोचलेल्या माणसाला मांडामांड करणाऱ्या दोघा-तिघांशी सहज बोलता येते, आणि बहुधा तीच माणसे त्या ठिकाणाचा कणा असतात. ‘मी इथे पहिल्यांदाच आलो आहे’ किंवा ‘मी इथे पहिल्यांदाच आले आहे’ हे वाक्य स्पष्टपणे सांगावे. ते ऐकल्यावर समोरच्याला काय करायचे ते कळते.

परतताना आपण काहीतरी चुकीचे बोललो, लोकांना आपण आवडलो नाही, असे वाटण्याची शक्यता फार मोठी आहे. एरिका बूथबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, अनोळखी माणसांच्या संभाषणानंतर लोक समोरच्याला आपण किती आवडलो याचा अंदाज सातत्याने कमी लावतात. प्रत्यक्षात ते त्याहून अधिक आवडलेले असतात. हे माहीत असूनही ती भावना जाणार नाही. तिला सत्य समजून दुसऱ्या भेटीचा बेत रद्द करू नये, इतके मात्र साधता येते. एखाद्या ठिकाणाविषयी मत बनवण्यापूर्वी तिथे सलग सहा-आठ वेळा जावे, असे मी सुचवतो. अपवाद फक्त अपमान, धमकी किंवा असुरक्षितता यांचा. त्यासाठी दुसरी भेटही आवश्यक नाही.

प्रत्येक वेळी नवी जागा शोधून बसण्यापेक्षा शक्यतो एकाच भागात बसावे, म्हणजे आजूबाजूचे चेहरे तेच राहतात. नावे विसरत असाल तर घरी आल्यावर लिहून ठेवावीत आणि कोणी सांगितलेली एखादी गोष्ट, म्हणजे मुलीची परीक्षा, आईची शस्त्रक्रिया, नवी नोकरी, पुढच्या भेटीत आठवणीने विचारावी. सगळ्यांशी जवळीक करण्याचा प्रयत्न करू नये. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले की दूरच्या, सैल ओळखींमधूनच नवी माहिती आणि नव्या संधी अधिक मिळतात. तेव्हा ज्यांच्याशी फक्त नमस्कारापुरता संबंध आहे अशी माणसे वाया गेलेली नसतात. दोन-तीन जणांशी खोल ओळख आणि बाकीच्यांशी हसतमुख परिचय, एवढे पहिल्या वर्षासाठी पुष्कळ आहे.

काम मागून घ्या

या संपूर्ण लेखातील एकच सूचना कोणी पाळणार असेल, तर ती ही असावी. पाहुण्याला पाहुणचार मिळतो, पण ज्याच्याकडे काम आहे त्याची वाट पाहिली जाते. खुर्च्या मांडणे, दार उघडणे, नव्यांची नावे लिहून घेणे, पुस्तके परत जागेवर लावणे, वृद्ध सदस्याला घरी सोडणे, अशी लहान आणि ठरावीक वेळी करायची कामे यासाठी उत्तम. १९३५ मध्ये अमेरिकेतील अ‍ॅक्रन येथे सुरू झालेल्या ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’च्या गटांत ही गोष्ट फार शहाणपणाने वापरली जाते. मद्यमुक्तीच्या वाटेवर नुकत्याच आलेल्या माणसालाही बैठकीची मांडामांड, स्वागत अशी कामे दिली जातात, कारण त्या कामामुळे त्याला पुढच्या बैठकीला यावेच लागते आणि आपण अजून उपयोगी आहोत हे त्याला कळते. या गटांत जबाबदाऱ्या फिरत्या ठेवण्याचीही रीत आहे, आणि ज्या उच्चतर शक्तीचा, म्हणजे स्वतःहून मोठ्या शक्तीचा, आधार घ्यायचा असतो तिची कल्पना प्रत्येक जण आपल्याला जमेल तशी करू शकतो; त्यामुळे धार्मिक आणि धर्मेतर यांच्या सीमेवर असलेला हा समुदाय दोन्ही बाजूंनी अभ्यासण्यासारखा आहे.

काम मागताना ‘काही मदत हवी असेल तर सांगा’ असे म्हणू नये, कारण त्यावर बहुतेक लोक ‘नको, नको’ म्हणतात. ‘पुढच्या वेळी खुर्च्या मी लावू का?’ असे नेमके विचारावे. आणि कामाचा भार तुमच्या सवडीपेक्षा थोडा कमीच असू द्यावा. उत्साहाच्या भरात तीन समित्या स्वीकारून वर्षभरात थकून निघून जाणारी माणसे प्रत्येक संस्थेने पाहिलेली असतात. त्याच्या उलट बाजूचाही विचार करावा. मदत घेणे हाही सदस्यत्वाचा भाग आहे, आणि स्वतःची अडचण कधीच न सांगणारा सदस्य इतरांना जवळ येण्याची संधी देत नाही.

श्रद्धा आणि समूह जुळत नसतील तेव्हा

नास्तिक किंवा साशंक माणसाला जोडीदारामुळे, कुटुंबामुळे किंवा केवळ तिथल्या माणसांच्या ओढीने एखाद्या धार्मिक समुदायात राहावेसे वाटते, ही परिस्थिती अजिबात दुर्मीळ नाही. इथे दोन टोके टाळावीत. मानत नसलेल्या गोष्टी मानत असल्याचा देखावा केल्यास आपलेपणा कधीच खरा वाटत नाही, कारण लोक आपल्यावर नव्हे तर त्या देखाव्यावर प्रेम करत आहेत अशी शंका मनात राहते. आणि प्रत्येक बैठकीत वाद घातल्यास इतरांच्या उपासनेत अडथळा येतो, जे त्यांच्या दृष्टीने अन्यायाचे आहे. मधला मार्ग असा की, तिथल्या जबाबदार व्यक्तीला एकांतात आपली भूमिका थोडक्यात सांगावी आणि कोणत्या गोष्टींत सहभागी होता येईल, कोणत्या गोष्टी केवळ दीक्षित किंवा श्रद्धावान सदस्यांसाठी आहेत, हे विचारून घ्यावे. सेवाकार्य, गायन, आजाऱ्यांची भेट, सभागृहाची देखभाल यांत बहुधा कोणाचीच हरकत नसते. जे विधी प्रतिज्ञेसारखे आहेत त्यांच्या वेळी आदराने शांत उभे राहणे पुरेसे असते.

काही परंपरांच्या रचनेतच अशा माणसासाठी अवकाश असतो. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या अनेक सभांमध्ये लोक शांत बसून राहतात आणि ज्याला आतून बोलावेसे वाटेल तोच बोलतो. निर्णयही मतदानाने न घेता सर्वांच्या संमतीची वाट पाहून घेतले जातात. अशा मौनात वेगवेगळ्या मतांची माणसे एकमेकांना न दुखवता एकत्र बसू शकतात.

श्रद्धावान माणूस धर्मेतर गटात जातो तेव्हा त्याची अडचण निराळी असते. आपल्या आयुष्यातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तिथे बोलता येणार नाही, असे त्याला वाटते. माझ्या मते ती लपवण्याची गरज नाही. विचारले तर साधेपणाने सांगावे, न विचारता प्रचार करू नये. ज्या गटात तेवढेही सांगणे हास्यास्पद ठरवले जाते, तो गट नावाने खुला असला तरी वागण्याने बंदिस्त आहे.

सावध कधी व्हावे

एकटा माणूस लवकर विश्वास ठेवतो आणि याचा गैरफायदा घेणारे गट धार्मिक क्षेत्रात आहेत तसे आरोग्य, व्यक्तिमत्त्वविकास, गुंतवणूक आणि राजकारण या क्षेत्रांतही आहेत. रॉबर्ट लिफ्टन यांनी १९६१ मध्ये विचारनियंत्रणाची जी लक्षणे मांडली, त्यांपैकी बाहेरच्या जगाशी संवादावर बंधने, सतत कबुलीजबाबाची मागणी आणि गटाबाहेरच्यांना कमी लेखणे ही लक्षणे सामान्य माणसालाही ओळखता येतात. पहिल्याच आठवड्यात प्रेमाचा अतोनात वर्षाव होत असेल, कुटुंबीयांपासून दूर राहण्याचा सल्ला मिळत असेल, पैशांचा हिशेब विचारणे हा श्रद्धेचा अभाव मानला जात असेल, किंवा सोडून गेलेल्यांविषयी केवळ तिरस्कारानेच बोलले जात असेल, तर तिथे थांबू नये. निरोगी समुदायातून बाहेर पडता येते आणि बाहेर पडल्यानंतरही माणसे रस्त्यात भेटल्यावर बोलतात.

यासाठीच आपला सगळा आधार एकाच ठिकाणी ठेवू नये, असे मी आग्रहाने सांगेन. उपासनेचा समूह आणि शेजारचा व्यायामगट, किंवा वाचनालयातील मंडळ आणि स्वयंसेवी संस्था, अशी दोन स्वतंत्र ठिकाणे असली की एकीकडचा वाद किंवा मतभेद संपूर्ण आयुष्य हलवून टाकत नाही. लहानपणापासूनचा धर्मसमूह सोडलेल्या माणसांना जो रितेपणा जाणवतो तो बहुतांशी असा असतो की, श्रद्धेबरोबर मित्र, आठवड्याची लय, गाणी आणि अडचणीला धावून येणारी माणसे एकदमच जातात. अशा व्यक्तीने या सगळ्या गोष्टींची एकच पर्यायी जागा शोधण्याऐवजी त्या वेगवेगळ्या ठिकाणी हळूहळू पुन्हा जमवाव्यात, आणि त्या काळात दुःख होणे स्वाभाविक आहे हे स्वतःला सांगावे.

योग्य ठिकाण जवळपास नसेलच तर

तेव्हा ते सुरू करावे लागते, आणि त्यासाठी तिघे जण पुरतात. ‘समुदाय निर्माण करू या’ असे आवाहन करू नये. त्याने लोक बिचकतात. वाचन, चालणे, दुरुस्ती, गाणे, मौन, अभ्यास, असे एखादे ठोस काम ठरवावे आणि आठवड्यातील एक वार कायमचा निश्चित करावा. दोघेच आले तरी बैठक रद्द करू नये, कारण एकदा रद्द झालेली बैठक दुसऱ्यांदा रद्द करणे सोपे जाते. जागा सार्वजनिक आणि विनाशुल्क असावी. सुरुवात नेहमी एकाच पद्धतीने करावी, मग ती दोन मिनिटांची शांतता असो, एखादे गीत असो किंवा प्रत्येकाने आपल्या आठवड्याविषयी एक वाक्य सांगणे असो. नव्याने आलेल्याला तिसऱ्या भेटीपर्यंत एखादे छोटे काम द्यावे. गटातील संख्या पंधराच्या पुढे जाऊ लागली की अधूनमधून लहान तुकड्यांत बसावे, नाहीतर बोलणारे चौघेच बोलत राहतात आणि बाकीचे श्रोते बनतात. वर्षाच्या अखेरीस निमंत्रकाचे काम दुसऱ्याकडे सोपवावे, आणि ज्याने गट सुरू केला त्याने त्यानंतर साधा सदस्य म्हणून येत राहावे.